अंगावरून वारे गेल्यानंतर : एका समजुतीचा इतिहास



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टरला उभे करण्याचे धाडस मंडळाने केले, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय मात्र मी माझ्या दवाखान्यातूनच आणला आहे. बेळगाव आणि आसपासच्या गावांतले रुग्ण तपासताना गेल्या तीन-साडेतीन दशकांत एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो : ‘डॉक्टर, तीन महिन्यांत जे यायचं ते आलं. आता पुढं काही यायचं नाही.’ पक्षाघात झालेल्या माणसाच्या घरचे लोक हे वाक्य बहुधा त्याच्या समोरच बोलतात. मग फिजिओथेरपीला जाणे थांबते. रिक्षाचे पैसे वाचतात, सुनेचा किंवा मुलाचा वेळ वाचतो आणि आजारी माणूस खाटेवरचा होऊन जातो.

हे वाक्य आले कुठून? त्यात खरे किती आणि ऐकीव किती? आजचे व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा इतिहास आहे.

आधी एक खुलासा. मी होमिओपॅथीचा पदवीधर आहे आणि माझ्या शास्त्रावर माझे प्रेम आहे. पण लकव्याने लुळा पडलेला हात माझ्या गोळ्यांनी उठेल, असे मी कोणाला सांगत नाही. असा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘व्यायामाला कुठे जाता? आठवड्यातून किती दिवस?’ उत्तर नकारार्थी असेल तर आधी तिकडे पाठवतो.

नावातच दडलेली हताशा

आपल्याकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात. या शब्दप्रयोगामागे जुने शास्त्र आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत पक्षवध येतो आणि चिकित्सास्थानात वातव्याधींचा स्वतंत्र अध्याय आहे. स्नेहन, स्वेदन हे उपचार तिथलेच. आपल्या घरांतून आजही तेल चोळले जाते ते त्याच परंपरेने. ग्रीकांनी या रोगाला दिलेल्या नावाचा अर्थ आहे आघाताने खाली कोसळणे. इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’चा अर्थही तडाखाच. तिन्ही भाषांत रोग बाहेरून येतो आणि माणसाला पाडतो. पडलेल्या माणसाने पुढे काय करायचे, हे यांतले एकही नाव सांगत नाही. हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत तर तीव्र झटका बरा होणे अशक्य आणि सौम्य झटका बरा होणे अवघड, असा निवाडाच दिलेला आहे.

१६५८ मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले, की या झटक्यामागे मेंदूत झालेला रक्तस्राव असू शकतो. कारण कळू लागले. पण कारण कळल्याने उपचार सापडला नाही. पुढची दोनशे वर्षे मुख्यतः रक्त काढणे, रेचक देणे आणि वाट पाहणे एवढ्यावरच गेली.

दोन फ्रेंच रुग्ण

एकोणिसाव्या शतकातले फ्रान्समधले दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला लेबोर्न्य. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात तो एकवीस वर्षे होता. त्याला जवळजवळ ‘टॅन’ एवढाच उच्चार येई, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. १८६१ मध्ये तो वारला. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. बोलण्याची क्रिया मेंदूच्या विशिष्ट भागाशी जोडलेली आहे, या शोधाचा तो पाया ठरला. विज्ञानाच्या इतिहासात टॅन अमर झाला. पण त्या एकवीस वर्षांत त्याला बोलायला शिकवण्याची व्यवस्था रुग्णालयात नव्हती. पुढे १८६५ मध्ये खुद्द ब्रोका यांनीच वाचा गेलेल्या प्रौढाला अक्षरांपासून पुन्हा शिकवता येईल का, याचा विचार मांडला. त्याला लागणारा वेळ आणि धीर डॉक्टरकडे नसतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

दुसरा रुग्ण लुई पाश्चर. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांची डावी बाजू गेली. ते जगतील की नाही याचीच शंका होती. पण थोड्याच दिवसांत ते अंथरुणावरून शास्त्रीय टिपणे सांगू लागले आणि काही महिन्यांत रेशीमकिड्यांच्या रोगावरच्या कामाला परत भिडले. पाय ओढत चालणे आणि डाव्या हाताचा अधूपणा शेवटपर्यंत राहिला. नाजूक हातकाम सहकारी करीत. अँथ्रॅक्सची लस आणि १८८५ मधली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस ही सगळी कामे त्या झटक्यानंतरची आहेत. झटक्यानंतर ते जवळजवळ सत्तावीस वर्षे जगले.

पाश्चर बरे झाले, असे काटेकोरपणे म्हणता येणार नाही. हात अधूच राहिला. पण त्यांच्याभोवती काम होते, पत्नी होती, प्रयोगशाळेतले सहकारी होते आणि त्यांनी परत यावे अशी सर्वांची अपेक्षा होती. टॅनकडून कोणाची काहीच अपेक्षा नव्हती. दोघांच्या इजा सारख्या नव्हत्या, म्हणून ही तुलना फार ताणायची नाही. तरीही पुनर्वसन म्हणजे काय, याचा अंदाज या दोन आयुष्यांतून येतो.

भिंत कोणी बांधली?

विसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी मज्जासंस्थेवरील ग्रंथात नोंदवले, की प्रौढ मेंदूतले मज्जामार्ग ठरून गेलेले असतात. ते मरू शकतात, पुन्हा उगवत नाहीत. हा कठोर नियम बदलणे हे भावी विज्ञानाचे काम आहे, असेही त्यांनी तिथेच लिहिले. लोकांनी पहिला भाग पाठ केला, दुसरा विसरले. आजारी माणसाला सक्त विश्रांती द्यावी हा त्या काळचा वैद्यकीय शिरस्ताही त्याला येऊन मिळाला. मेलेला मेंदू उगवत नाही, आणि हालचाल केली तर अपाय होईल. मग उरले ते अंथरूण.

गंमत अशी, की याला छेद देणारा पुरावा त्याच काळात पुढे येत होता. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट पक्षाघाताच्या रुग्णांवर मालिश आणि व्यायामाचे प्रयोग केले आणि त्यांच्या हालचालीत सुधारणा होऊ शकते, असा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. १९१७ मध्ये फ्रान्झ आणि ऑग्डेन यांनी माकडांवरच्या प्रयोगात चांगला हात बांधून ठेवला आणि लुळा हात वापरायला भाग पाडले. तो हात लवकर कामाला लागला. ही नोंद पुढे कित्येक दशके दुर्लक्षित राहिली.

दोन महायुद्धांची शाळा

अंथरुणाची ही व्यवस्था मोडली ती युद्धांनी. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी किंवा छर्रा लागूनही जगलेले हजारो तरुण सैनिक घरी परतले. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आयुष्यभर खाटेवर ठेवा, असे सरकारलाही म्हणता येईना. १९१६ मध्ये कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफर्टमध्ये मेंदूच्या जखमांच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. तिथे उपचाराबरोबर कामधंद्याचे शिक्षणही असे. कोलोनमध्ये वाल्टर पोपेलरॉयटर असेच काम करीत होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम उरल पर्वताच्या दक्षिण भागातल्या एका रुग्णालयात अलेक्सांद्र लुरिया यांनी केले. त्यांचा एक रुग्ण, झासेत्स्की नावाचा तेवीस वर्षांचा सोव्हिएत अधिकारी, मार्च १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागून जखमी झाला होता. त्याला उजवी बाजू दिसेना, वाचता येईना, शब्द सापडेनात, आपल्याच शरीराचे भाग जागेवर लागेनात. अक्षर आठवून आठवून लिहिताना हात अडे. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितले, विचार न करता हात उचलू नकोस, शब्द एका झपाट्यात लिहून टाक. आणि शब्द उमटला. लिहिण्याची जुनी सवय हातात शिल्लक होती. स्वतःचे लिहिलेले त्याला वाचता येत नव्हते, तरी पुढची पंचवीस वर्षे तो रोज लिहीत राहिला. जवळजवळ तीन हजार पाने झाली. त्यांच्या आधारे लुरिया यांनी १९७१ मध्ये पुस्तक लिहिले. झासेत्स्की पूर्ववत झाला नाही, पण तीन महिन्यांत थांबलाही नाही. साहित्याच्या मंडळात या लेखकाचे नाव घेतले जावे, असे मला वाटते.

खाटेपासून दारापर्यंत

युद्धानंतर प्रश्न नागरिकांचा आला. हॉवर्ड रस्क यांनी लष्करी अनुभव न्यूयॉर्कमध्ये नागरी रुग्णांसाठी वापरला. जर्मनीतून लंडनला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने लुळ्या बाजूला सोडून न देता तिच्यावरच काम करण्याची पद्धत घडवली. रुग्णालयात मात्र कायम ठेवता येत नाही. खाटा अपुऱ्या आणि माणसालाही घर हवे असते. यातून दिवस-रुग्णालयाची कल्पना निघाली. ऑक्सफर्डच्या कौली रोड रुग्णालयात लायोनेल कोसिन यांनी १९५० च्या दशकात वृद्धांसाठी अशी सोय केली : सकाळी यायचे, व्यायाम, जेवण, उद्योग, आणि संध्याकाळी घरी. १९७३ च्या युद्धानंतर येहुदा बेन-यिशाय यांनी मेंदूला इजा झालेल्या इस्रायली सैनिकांसाठी तसाच दिवसाचा कार्यक्रम आखला आणि पुढे तो न्यूयॉर्कला नेला. त्यात हातापायांइतकेच लक्ष स्मरण, एकाग्रता आणि चारचौघांत वागण्याकडे होते.

भारतात या वाटेची सुरुवात मुंबईत झाली. पोलिओमुळे ती गरज ठळक झाली होती. के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज आपल्या बेळगावात फिजिओथेरपिस्ट सहज मिळतो. अडचण आता त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याची, आणि त्याहून अधिक, पोहोचत राहण्याची आहे.

भिंतीला पडलेले भगदाड

१९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधले एक वयस्क प्राध्यापक, पेद्रो बाख-इ-रिता, पक्षाघाताने पडले. नेहमीचे थोडे उपचार झाले आणि आता याहून काही होणार नाही, असे ठरले. त्यांचा एक मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यक शिकत होता. त्याने वडिलांना आपल्याकडे नेले आणि लहान मुलासारखे आधी रांगायला लावले. शेजाऱ्यांनी नावे ठेवली. मग गोट्या वेचणे, लुळ्या हाताने भांडी घासणे. कित्येक महिन्यांनी प्राध्यापक पुन्हा शिकवायला उभे राहिले. काही वर्षांनी डोंगर चढताना हृदयविकाराने ते गेले. शवविच्छेदनात मेंदूतली इजा प्रचंड दिसली. ती भरून आली नव्हती. उरलेल्या भागांनी काम उचलले होते. दुसरा मुलगा पॉल मेंदूचा संशोधक होता. त्याने पुढचे आयुष्य याच प्रश्नाला वाहिले.

एकट्या माणसाची कथा हा पुरावा नव्हे. पुरावा नंतर आला. एडवर्ड टाउब यांनी दाखवले, की लुळेपणातला काही भाग इजेचा असतो आणि काही भाग सवयीचा. सुरुवातीला हात उठत नाही म्हणून माणूस तो वापरणे सोडतो. पुढे थोडी ताकद आली तरी वापरत नाही. रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांच्या मेंदूत पाहिले, की सराव दिला तर इजेच्या शेजारचा भाग हाताचे काम धरून ठेवतो, आणि सराव नसेल तर शाबूत भागातलीही हाताची जागा आक्रसते. आमच्या कानडी-मराठी मुलखात न कसलेल्या शेताची जी गत होते, तीच ही.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या सात केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ हातमोजा घालून ठेवला आणि लुळ्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास काम करून घेतले. हे लोक घरून ये-जा करीत. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारला. ही सुधारणा वर्षानंतर टिकून होती आणि दोन वर्षांनंतरही. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच या अभ्यासात घेतले होते. सर्वांना लागू पडेल असा हा उपाय नाही.

मग ते वाक्य खोटे का?

पूर्ण खोटे नाही. १९९५ मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी ११९७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा ९५ टक्क्यांची दैनंदिन कामांतली सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत आपल्या टोकाला पोहोचली होती. ‘तीन महिने’ या आकड्याला अशा नोंदींचा आधार आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आपोआप होणारी मोठी सुधारणा बहुधा पहिल्या महिन्यांत होते, हे खरे. त्यावरून पुढे प्रयत्न केला तरी काही मिळत नाही, हे ठरत नाही.

२०११ मध्ये ४०८ अमेरिकन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना झटक्यानंतर दोन महिन्यांनी आणि काहींना सहा महिन्यांनी पट्ट्याने तोललेल्या फिरत्या पट्टीवर चालायला शिकवले. तिसऱ्या गटाकडे फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे साधे व्यायाम करून घेत असे. वर्षअखेरीस ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीवर गेली होती आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही मागे राहिले नाहीत. महागड्या यंत्राने घरच्या साध्या व्यायामाला मागे टाकले नाही.

घरी परतलेल्या रुग्णांना वर्षाच्या आत मिळणाऱ्या अशा सेवांचे चौदा अभ्यास, एकूण १६१७ रुग्णांचे, एकत्र करून २००३-०४ मध्ये निष्कर्ष निघाला : उपचारकाची सेवा मिळालेल्या दर शंभरांमागे सुमारे सातजणांची घसरगुंडी टळते. सात हा आकडा लहान वाटेल. पण ‘सुधारणे’ एवढाच लाभ मोजण्याची आपली सवय आहे. ‘न घसरणे’ हाही लाभ आहे. स्वतः संडासला जाऊ शकणारी आई आणि न जाऊ शकणारी आई यांतला फरक ज्या घराने पाहिला आहे, त्याला मी अधिक काय सांगू?

आता आपल्या देशाचा अभ्यास. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या चौदा रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या निम्म्या घरांतल्या एका माणसाला व्यायाम शिकवून तेच पुनर्वसन घरी करायला सांगितले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. फरक पडला नाही. याचा अर्थ घरच्यांची माया कमी पडली, असा मी घेत नाही. शिकलेल्या उपचारकाचे काम घरच्या माणसावर, बहुधा घरातल्या बाईवर, टाकून भागत नाही, असा घेतो. ‘घरचे करतीलच’ हे आपले आवडते वाक्य इथे अपुरे पडते.

आमच्या जैन घरांतून अशा वेळी ‘कर्माचा उदय’ म्हणण्याची रीत आहे. त्याच कर्मसिद्धान्तात पुरुषार्थालाही जागा आहे, हे मी आमच्या वडीलधाऱ्यांना आठवण करून देत असतो.

कोणती भाषा परत येते?

शेवटचा मुद्दा खास आपला, घरी मराठी, कचेरीत आणि बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषांत जगणाऱ्या माणसांचा. वाचाघात झाला की यांतली कोणती भाषा आधी परत येते? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच विचारला गेला. फ्रान्समध्ये १८८१ मध्ये तेओद्यूल रिबो यांनी मत मांडले, की आधी शिकलेले जास्त टिकते, म्हणजे मातृभाषा. १८९५ मध्ये अल्बेर पित्र यांनी म्हटले, झटक्यापूर्वी जी भाषा सर्वांत वापरात होती ती आधी येते. पुढच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की बहुतेकांच्या भाषा बरोबरीनेच परततात. पण अपवादही पुष्कळ आहेत.

याहून जुनी एक नोंद आहे. १७४५ मध्ये स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी एका माणसाविषयी लिहिले, की त्याची वाचा गेली होती, पण पाठ असलेली स्तोत्रे तो गाऊ शके. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. स्वतःचे नाव सांगता न येणारा माणूस इतरांबरोबर णमोकार मंत्र म्हणतो. दुसरा हरिपाठात सूर मिळवतो. पाठांतराची, सुराची वाट वेगळी आणि ती अनेकदा शाबूत असते. १९७३ पासून सुरांच्या आधाराने बोलणे शिकवण्याची पद्धत वाचा-उपचारात रूढ झाली ती याच निरीक्षणावर.

म्हैसूरला १९६५ मध्ये वाचा आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था निघाली आणि या शास्त्राचे शिक्षित उपचारक आपल्या राज्यात तयार होऊ लागले. पण बेळगावच्या वाचा-उपचारकाला मराठी येत असेलच, असे नाही. मग आयुष्यभर मराठीत भांडलेल्या, हसलेल्या माणसाला परक्या शब्दांची चित्रे दाखवली जातात आणि तो गप्प बसला की ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. इथे मंडळाला काम आहे. घरातल्या वस्तू, नातीगोती, सणवार, बाजार यांच्या मराठी शब्दांचे आणि चित्रांचे संच आपण तयार करून उपचारकांना देऊ शकतो. आपल्या वाचनालयातले दोन निवृत्त शिक्षक आठवड्यातून एक तास एखाद्या रुग्णाशेजारी बसून वर्तमानपत्र वाचू शकतात. आणि ज्या घरात गाडी आहे, त्याने शेजारच्या घरातल्या रुग्णाला मंगळवारी व शुक्रवारी व्यायामाला पोहोचवायचे ठरवले, तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

पुढच्या वेळी कोणी तीन महिन्यांचे वाक्य बोलेल, तेव्हा रुग्ण ते ऐकतो आहे, एवढे लक्षात ठेवा. मग त्याला विचारा, सध्या कोणती एक गोष्ट स्वतः करावीशी वाटते : सदऱ्याची बटणे लावणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, की नातवाला नावाने हाक मारणे. ती चिठ्ठीवर लिहून फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा.